धावेपासून मड टायरपर्यंत : काळ्या रानातल्या चाकाची पार्श्वभूमी

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या भारी जमिनीत गाडीची खरी परीक्षा भर पावसात होत नाही. ती पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी होते. मुसळधार पावसात माती पातळ होऊन चाकावरून वाहून जाते आणि पार सुकल्यावर तीच माती दगडासारखी टणक होते. मधल्या दिवसांत, वापसा (मशागतीजोगी ओल) यायच्या आधी, ती मळलेल्या कणकेसारखी असते आणि रबर, लोखंड, चप्पल, जे सापडेल त्याला धरून बसते. मड टायर, म्हणजे चिखलासाठीचा टायर, निवडायचा तो या मधल्या दिवसांसाठी.

याचं मूळ मातीत आहे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी 1911 मध्ये मातीच्या ओलाव्याच्या सीमा ठरवल्या : किती पाण्याला माती वळता येण्याजोगी होते आणि किती पाण्याला वाहू लागते. वाळूसर जमिनीत या दोन सीमा अगदी जवळ असतात. काळ्या मातीत त्यांच्यातलं अंतर मोठं असतं, म्हणून चिकट अवस्था लांबते. जायकवाडीच्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात तर पाण्याची पाळी चालू असली की जानेवारीतही तीच गत.

या जमिनीत आधी लाकडी चाक चाललं. तुंबा (चाकाचा मधला गड्डा), आरे, पुठे (कडेचे लाकडी तुकडे) आणि त्यावर लोखंडी धाव, म्हणजे पट्टी. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि सगळा सांधा आवळून धरते. अशी अरुंद धाव चिखल कापत खाली जाते. खाली मुरमाचा थर असेल तर तिथे टेकते आणि गाडी चालते. भारी काळी माती मीटरभर खोल असेल तर टेकायला काहीच नसतं, आणि चाक तुंब्यापर्यंत बुडतं. बारीक टायर बरा की रुंद, हा आजही रंगणारा वाद मुळात याच दोन जमिनींचा आहे. तळाशी मुरूम असलेल्या पांदणीत (शेताकडच्या वाटेत) बारीक टायर कामाचा, खोल रानात रुंद.

हवेचा टायर 1887-88 मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला. रॉबर्ट थॉमसन यांचं पेटंट त्याच्याही आधीचं, 1845 चं, पण ते व्यवहारात रुजलं नाही. बैलगाडीला रबरी टायर आला आणि टायरगाडी हा शब्दच मराठीत पडला. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीची ‘टायर सेंटर’ची टोळी आजही याच नावाने ओळखली जाते. बैलगाडीच्या टायरची मापं 6.00-19, 7.00-19, 8.00-19 अशी, आणि त्याची नक्षी जवळपास सपाट. त्यात चूक काही नाही. तिथे ओढतो बैल, चाक नुसतं घरंगळतं. मोटारीचं चाक मात्र मातीलाच मागे रेटून पुढे जातं. हा रेटा माती सोसेल तेवढाच मिळतो, आणि ओल्या चिकणमातीची ताकद फार थोडी असते. म्हणून ओढल्या जाणाऱ्या चाकाला नक्षी नसली तरी चालतं, ओढणाऱ्या चाकाला ती लागतेच.

शेतीच्या चाकाला ही गोष्ट आधी कळली. अमेरिकेत 1932 च्या सुमारास फायरस्टोनच्या कमी दाबाच्या टायरवर अ‍ॅलिस-चामर्सचे ट्रॅक्टर विकायला निघाले, आणि तोवरची दातेरी लोखंडी चाकं मागे पडू लागली. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर जाड तिरके पट्टे असतात. पट्ट्याचं मधलं टोक आधी जमिनीला लागतं आणि चाक फिरेल तसा चिखल बाहेरच्या बाजूला सरकवला जातो. बाहेरचं टोक उघडं असल्यामुळे तो तिथून गळतो. टायर उलटा बसवला, म्हणजे बाजूवरचा बाण उलट्या दिशेला गेला, तर चिखल मध्यभागी गोळा होतो आणि पट्टे भरून जातात. मड टायरची सगळी विद्या इथूनच निघाली : नक्षी किती खोल आहे यापेक्षा ती स्वतःला किती साफ करते हे महत्त्वाचं.

जीप मात्र वेगळ्या वाटेने आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला 6.00-16 मापाचे ‘एनडीटी’, म्हणजे दिशा नसलेल्या नक्षीचे टायर होते. कोणताही टायर कोणत्याही चाकावर बसावा आणि पुढे-मागे सारखी पकड मिळावी, ही सैन्याची गरज. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीप भारतात जोडायला घेतली आणि तीच नक्षी खेड्यापाड्यांत पोचली. पुढे काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांना नायलॉनचे जाड थरांचे टायर आले. टपावर, मागे, बाजूला माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीला थर जास्त आणि बाजू कडक हेच हवं होतं. दगडाला ते टायर पुरून उरले. काळ्या मातीत मात्र एनडीटीचे गुटके (नक्षीतले रबरी ठोकळे) पहिल्या पन्नास फुटांतच भरतात. खाचा बुजल्या की चाक कणकेच्या गोळ्यासारखं दिसतं, आणि मग नक्षी असून नसल्यासारखी.

रेडियल टायर मिशलाँने 1946 मध्ये पेटंट केला. आधीच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात, म्हणून बाजू लवचीक होते. चिखलात याचा फायदा मोठा आहे. हवा कमी केली की रेडियलचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो, म्हणजे एकाच वेळी जास्त गुटके मातीला धरतात. बीएफगुडरिचने 1976 मध्ये ऑल-टेरेन रेडियल आणला आणि 1980 मध्ये मड-टेरेन. आज बाजारात एटी (ऑल-टेरेन) आणि एमटी (मड-टेरेन) ही जी दोन अक्षरं ऐकू येतात, त्यांचं घराणं हे. शेती आणि खाणकामाच्या टायरात जगभर नाव झालेल्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजची टायरांची सुरुवातही 1980 च्या दशकाच्या शेवटी आपल्याच वाळूजला झाली, हे अनेकांना ठाऊक नसतं.

या इतिहासातून निवडीचे निकष निघतात. नव्या साध्या टायरची खाच 8 ते 9 मिलिमीटर असते, एटीची 11-12, एमटीची 13 ते 15. खोलीचा हा आकडा सगळे विचारतात, पण आपल्या मातीत आधी बघायचा तो खाचांचा आकार. गुटक्यांमधली खाच बाहेरच्या कडेला रुंद होत जाते का? तळ बशीसारखा गोल आहे की काटकोनी? खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे आहेत का? हे उंचवटे चिखल आणि दगड दोन्ही बाहेर ढकलतात. काटकोनी कोपऱ्यात काळी माती जी बसते ती खुरप्यानेच काढावी लागते. चांगल्या एमटीच्या पृष्ठभागाचा 40 टक्क्यांहून जास्त भाग मोकळा असतो. हाच मोकळा भाग ओल्या डांबरावर गैरसोयीचा ठरतो : रस्त्याला रबर कमी टेकतं, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाते, आवाज वाढतो, डिझेल जास्त लागतं. वर्षातले दहा महिने डांबरावर आणि दोन महिने रानात जाणाऱ्या गाडीला आमच्या मते एटीच योग्य, एमटी नाही.

चालवण्याची रीतही त्याच भौतिकावर उभी आहे. खाचा आपोआप साफ होण्यासाठी चाक थोडं वेगात फिरावं लागतं, म्हणून पहिल्या गिअरमध्ये रांगत जाण्यापेक्षा लो रेंजचा (फोर बाय फोर गाडीतल्या जास्त ताकद, कमी वेगाच्या जोडणीचा) दुसरा किंवा तिसरा गिअर आणि एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर. चाक नुसतं जागेवर फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा. नाहीतर ते आपलाच खड्डा खणतं आणि गाडी डिफरन्शियलवर (दोन चाकांमधल्या आसाच्या गोळ्यावर) टेकते. हवा साधारण 32 वरून 18 ते 20 पीएसआयवर आणावी. 15 च्या खाली वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते. डांबरावर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय वेग घेऊ नये. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि आतून फाटते.

मोठ्या टायरचा मोह इथे विशेष महागात पडतो. 215/75 आर15 मापाच्या टायरचा व्यास 703.5 मिलिमीटर, 235/75 आर15 चा 733.5. फरक सुमारे सव्वाचार टक्के, म्हणजे मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 62-63 ने चाललेली असते. गिअरची ताकदही तेवढीच कमी होते. खरी अडचण मडगार्डच्या आत आहे. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जागा नसेल तर काळी माती तिथे थापत जाते आणि शेवटी चाकच जाम होतं. कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकू शकतो, हेही विकत घेण्याआधी बघावं. फोर बाय फोर गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे असावेत, स्टेपनीसुद्धा. पुढच्या-मागच्या व्यासात फरक असला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

दुसरा शत्रू चिखल नाहीच. कापूस आणि तूर काढल्यावर रानात राहिलेली खुंटं कोयत्याने तिरकी कापलेली असतात आणि वाळल्यावर सुळ्यासारखी होतात. ती टायरच्या बाजूत शिरतात, आणि बाजूचं पंक्चर प्लगने भरवशाचं निघत नाही. पांदणीच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ असते, तिचे काटे वेगळेच. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात त्यात धारदार काळा दगड येतो. म्हणून बाजूला तीन थर असलेला टायर घ्यावा आणि भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीच्या मूळ टायरपेक्षा कमी नसावा. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. दुकानात सवलतीत मिळणारा टायर तीन-चार वर्षं पडून राहिलेला नाही ना, हे त्यावरून कळतं.

रानातून आल्यावर गाडी धुताना रिमची आतली बाजू बहुतेक जण सोडतात. तिथे बसलेली काळी माती सुकून विटेसारखी होते, आणि 60-70 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बॉल जॉइंट यांवर खर्च सुरू होतो. माती ओली असतानाच पाण्याचा फवारा आतून मारला की हे टळतं.

पाणंद रस्त्यांसाठी राज्याने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली आणि बऱ्याच शिवारांत वाटेवर मुरूम पडू लागला. मुरूम दबून घट्ट बसलेल्या वाटेवर एटी टायर पुरेसा आहे. वाट संपून बांध ओलांडला की पुढे तीच मीटरभर खोल काळी माती आहे, आणि तिथे रबराइतकीच थांबण्याची तयारी लागते. मूठभर माती दाबून सोडली आणि ती हाताला चिकटून राहिली, तर गाडी बांधावर उभी करावी. ढेकूळ हाताला न लागता फुटलं की वापसा आला.