उंची बदलणारं सस्पेन्शन आणि त्यातले घरगुती फेरफार (ऑफ-रोड गाड्या)

ड्रायव्हरनं बटण दाबलं की गाडीची बॉडी जमिनीपासून वर-खाली होते, अशा सस्पेन्शनमध्ये मालकानं स्वतःच्या हातानं केलेले बदल म्हणजे हा विषय. कारणं बहुतेकदा तीनच असतात: कंपनीनं दिलेल्यापेक्षा जास्त उंची पाहिजे, बुलबार (पुढचा जाड लोखंडी गार्ड), विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) आणि टपावरच्या कॅरियरमुळे वाढलेलं वजन गाडीला झेपवायचंय, नाहीतर जुनी झालेली सिस्टम काढून साध्या स्प्रिंगवर जायचंय. ही नोंद मुख्यतः टोयोटा लँड क्रूझर १०० (१९९८–२००७) आणि तिची महागडी बहीण लेक्सस एलएक्स ४७० यांच्या ॲक्टिव्ह हाइट कंट्रोलबद्दल, म्हणजे एएचसीबद्दल आहे, कारण घरी बसून सगळ्यात जास्त प्रयोग झाले ते हिच्यावर आणि लँड रोव्हरच्या हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनवर. जीप, बोलेरोला कमानपाट्याखाली ब्लॉक घालून किंवा लांब शॅकल लावून उंची वाढवतात तो प्रकार वेगळा, तिथे कॉम्प्युटर नसतो.

मूळ : उंची बदलता येणारी पहिली ऑफ-रोड गाडी कुठली यावर एकमत नाही. १९९२ ची रेंज रोव्हर पहिली, असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन असलेली पहिली मोठी, खऱ्या अर्थानं खडकाळ रस्त्याची गाडी एवढ्यापुरतं ते बरोबर आहे, पण फोर व्हील ड्राइव्ह आणि हवेच्या स्प्रिंगनं बदलणारी उंची ही जोडी सुबारूनं साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यालाच लिओनमध्ये आणली होती. सुबारू ही ऑफ-रोड गाडी नाही असं म्हणून ती बाजूला काढतात, तेव्हा वाद गाडीचा राहत नाही, व्याख्येचा होतो. त्यात अजून एक गुंता म्हणजे १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला मागे बोगे कंपनीचं लेव्हलिंग युनिट होतंच, पण ते मागं ओझं भरल्यावर गाडी सरळ ठेवायचं, ड्रायव्हरला हवी ती उंची द्यायचं नाही, त्यामुळे ते या हिशोबात न धरणंच योग्य.

त्याच्याही मागे गेलं तर रस्ता फ्रान्सला जातो. सिट्रोएनचा इंजिनियर पॉल माजेस यानं तेल आणि दाबाखालचा वायू एकत्र वापरायची पद्धत बसवली, ती १९५४ मध्ये कंपनीच्या मोठ्या गाडीच्या फक्त मागच्या चाकांना आणि १९५५ मध्ये डीएसच्या चारही चाकांना लागली, आणि डीएसमध्ये तर लिव्हरनं गाडी उचलून, खाली टेकू देऊन चाक बदलता यायचं. स्वीडनच्या एस-टँकमध्ये (स्ट्रिड्सव्हॅग्न १०३, सैन्यात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात) याच जातीचं सस्पेन्शन तोफेचं तोंड वर-खाली करायला वापरलं, कारण तोफ बॉडीतच घट्ट बसवलेली होती. टोयोटाची एएचसी तत्त्वानं या फ्रेंच घराण्यातली, तर रेंज रोव्हर ट्रक-बसच्या हवेच्या घराण्यातली, आणि पुढे जाऊन दोन्हीकडचे घरगुती फेरफार इतके वेगळे का झाले ते या फरकातूनच कळतं.

घरी फेरफार करायची सवय मात्र या दोन्ही घराण्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणाहून आली असावी. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलच्या चॅसिसवर वाळूत पळवायच्या बग्या बांधायचे (ब्रूस मेयर्सची मँक्स १९६४ ची), आणि बीटलच्या मागच्या टॉर्शन बारला (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई) आतल्या टोकाला ४० दात, बाहेरच्या टोकाला ४४ दात होते. आतून एक दात पुढं म्हणजे ९ अंश, बाहेरून एक दात मागं म्हणजे साधारण ८.१८ अंश, उरतो फक्त ०.८२ अंशाचा फरक, म्हणजे कुठलाही जादा पार्ट न घेता, नुसते दात मोजून उंची अगदी बारीक ठरवता यायची. लँड क्रूझर १०० च्या पुढच्या चाकांनाही टॉर्शन बारच आहे आणि तिथे बोल्ट फिरवणारा माणूस तेच काम करत असतो, त्यामुळे हा वारसा बीटलकडून आला असं मानायला जागा आहे.

रचना : एएचसीमध्ये प्रत्येक चाकाचा शॉकॲब्सॉर्बर हा हायड्रॉलिक जॅकचंही काम करतो. त्याला तेलाची नळी, नळीच्या शेवटी नायट्रोजन भरलेला गोळा. चॅसिसला लावलेला इलेक्ट्रिक पंप तेल ढकलतो, लेव्हलिंग व्हॉल्व्ह ते वाटतात, आणि पुढे दोन, मागे एक असे तीन हाइट सेन्सर कॉम्प्युटरला उंची सांगतात. लो, नॉर्मल, हाय अशा तीन पायऱ्या, एका पायरीत साधारण ५ सेंटिमीटर. पण यातली कळीची गोष्ट वेगळीच आहे आणि तीच लोक विसरतात: गाडीचं वजन एकटं तेल उचलत नाही. पुढे टॉर्शन बार आणि मागे कॉइल स्प्रिंग मोठा वाटा उचलतात, उरलेला वाटा तेलावर येतो. पालखीच्या दांड्याला पुढचा भोई ढिला पडला की मागच्याच्या खांद्यावर ओझं येतं तसं, स्प्रिंगनं जेवढं सोडलं तेवढं तेलाला उचलावंच लागतं, आणि कॉम्प्युटर ते मुकाट्यानं करत राहतो कारण त्याला फक्त उंची पाळायची असते.

सेन्सर लिफ्ट : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त केला जाणारा फेरफार हाच. सेन्सरच्या जोडणीला थोडं सरकायला जागा ठेवलेली असते, बोल्ट सैल करून ती सरकवली की कॉम्प्युटरला वाटतं गाडी बसलीय, तो पंप चालवतो आणि गाडी वर येते. पैसा खर्च नाही, अर्ध्या तासाचं काम, बाहेरून बघायला फरक झकास.

पण आत काय होतं बघा. बॉडी वर गेली की टॉर्शन बारचा पीळ उतरतो, म्हणजे त्यानं उचललेला वाटा कमी होतो आणि तो सगळा तेलावर येतो. नॉर्मल उंचीला पुढचा दाब ६.९ ते ७.४ मेगापास्कल आणि मागचा ५.६ ते ६.७ असावा असा मेकॅनिक लोकांचा धरलेला हिशोब आहे (६.९ म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण तीसपट). दाब वाढला की गोळ्यातला नायट्रोजन दाबला जाऊन त्याची जागा कमी होते, आणि वायूच्या स्प्रिंगचा कडकपणा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे ६.९ चा दाब ७.९ झाला तर दाबात वाढ १४-१५ टक्के, पण कडकपणात वाढ ३१ टक्के. म्हणून नुसता सेन्सर सरकवलेली गाडी उंच दिसते पण खड्ड्यात दगडासारखी आपटते, आणि मग मालक शॉकॲब्सॉर्बर खराब झाले समजून नवीन घेतो, ज्याची काहीच गरज नसते.

दुसरा प्रश्न हाय मोडचा. हाय ही नॉर्मलच्या वर मोजली जाते, त्यामुळे नॉर्मल ४ सेंटिमीटरनं वर नेली की हाय जुन्या नॉर्मलच्या ९ सेंटिमीटर वर जाऊन बसते. तिथे पुढच्या एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणारा, वाकणारा सांधा) कोन वाईट होतो, सस्पेन्शनचा खाली लोंबायचा प्रवास जवळजवळ संपतो, आणि नेमक्या ज्या दगडांवर चाक खाली सुटायला पाहिजे तिथेच ते सुटत नाही. ऑफ-रोडसाठी केलेल्या बदलानं ऑफ-रोडचीच ताकद कमी करायची, हे पटण्यासारखं नाही.

योग्य क्रम : आधी दाब, मग उंची. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून चारही ठिकाणी मोजायचं (पुढे साधारण ५० सेंटिमीटर, मागे ५२, ही कंपनीची नॉर्मल). मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं यंत्र) लावून पुढचा-मागचा दाब वाचायचा. पुढचा जास्त आला तर टॉर्शन बारचा बोल्ट आवळायचा, दोन्ही बाजूंना एकेक फेरा दिला की दाब साधारण ०.२ मेगापास्कलनं उतरतो, आणि पुन्हा वाचायचा. मागचा जास्त असेल तर कॉइलवर स्पेसर (जाडी वाढवणारी चकती) नाहीतर जाड कॉइल. मागे सामान, टाकी, ड्रॉवर भरून फिरणाऱ्याला जाड कॉइल बरी. हे सगळं वर दिलेल्या दाबाच्या पट्टीत आल्यावरच सेन्सरला हात लावायचा आणि उंची वाढवली की दाब पुन्हा बघायचा. उलटं केलं, म्हणजे स्प्रिंग फार कडक करून दाब पट्टीच्या खाली नेला, तर तेही चुकीचं आहे, कारण मग गाडी उचलण्यात तेलाचा वाटाच उरत नाही आणि लो मोडला गाडी नीट बसत नाही.

गोळे जिवंत आहेत का ते बघायला स्कॅनरही लागत नाही. बॉनेटखाली तेलाची प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर आडव्या रेघा. गाडी हायला असताना तेल कुठल्या रेघेला आहे ते बघायचं, लोला आणून परत बघायचं. नवीन गोळ्यांना फरक १४ रेघांच्या आसपास येतो, ७ किंवा त्याखाली आला तर नायट्रोजन गेला, गोळे बदला. जुनी लँड क्रूझर घेताना ही परीक्षा सगळ्यात आधी करावी.

धोका : या गाडीखाली नुसत्या सस्पेन्शनच्या भरवशावर कधीही जाऊ नये. ब्लीडचा (तेल बाहेर काढायचा) बोल्ट सोडला की गाडी दहा सेंटिमीटर सहज खाली येते, आणि येताना विचारत नाही. आधी एएचसी बंद करायची, चॅसिसखाली जॅकस्टँड लावायचे, टाकीत एएचसीचंच तेल वापरायचं, ब्रेकचं तेल चालत नाही.

लँड रोव्हरची पद्धत : इथे हवेचा बलून हाच एकमेव स्प्रिंग (शिवनेरीच्या व्होल्वो बसला असतो त्याच जातीचा). वजन तेवढंच, बलूनचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, म्हणून उंची वाढवली तरी दाब फारसा चढत नाही, हवा फक्त जास्त भरावी लागते. त्यामुळे २००४ च्या डिस्कव्हरी ३ ला सेन्सरचे वेगळ्या लांबीचे रॉड लावून गाडी उचलायचा प्रकार लँड क्रूझरइतका नुकसान करत नाही. कोनांचा आणि लोंबायच्या प्रवासाचा प्रश्न मात्र इथेही तोच, शिवाय गळती असेल तर कंप्रेसर सारखा पळून जळतो. १९९४ ची पी३८ रेंज रोव्हर बिघडली की थेट बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकायचे रबरी ठोकळे) बसते, म्हणून तिचे मालक प्रत्येक बलूनच्या नळीला टायरच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह जोडून ठेवतात, म्हणजे रानात अडकलं तर टायरच्या पंपानं एकेक बलून फुगवून घरी येता येतं. मला या सगळ्या विषयातला हा सर्वात शहाणपणाचा फेरफार वाटतो, कारण तो मूळ सिस्टमला धक्का लावत नाही.

सिस्टम काढून टाकणं : दोन्ही घराण्यांत साधी कॉइल, जाड टॉर्शन बार आणि नेहमीचे शॉकॲब्सॉर्बर लावून बटण कायमचं बंद करणारे पुष्कळ आहेत. लांब, निर्जन प्रवासाला हे पटतं, पण गोळे बदलून आणि दाब जुळवून जी गाडी परत रेशमासारखी चालली असती ती न तपासताच तोडायची घाई बऱ्याचदा दिसते.

भारतात : लँड क्रूझर १०० आपल्याकडे थोड्याच आल्या. लँड रोव्हर कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. दाब पट्टीत आणणं, गोळे किंवा बलून बदलणं ही दुरुस्ती धरली जाईल असं समजायला हरकत नाही, पण सेन्सर सरकवून नाहीतर रॉड बदलून उंची कायमची वाढवायची असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं.