बटण दाबणं म्हणजे सहभाग नव्हे

गावोगावच्या प्रदर्शनांत, गणपती-देवीच्या मंडपांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात हल्ली एक पाटी हमखास दिसते: ‘प्रेक्षकांच्या सहभागातून साकारलेली कलाकृती’. जवळ जाऊन पाहावं तर तिथं एक सेन्सर बसवलेला असतो. माणूस समोर आला की दिवे लागतात, कापसाच्या ढगातून गडगडाट ऐकू येतो, पोरं टाळ्या पिटतात. तो ढग मलाही आवडतो. ज्या पोरानं भंगारातला स्पीकर जोडून तो बोलता केला, त्याचं कौतुकच आहे. पण प्रेक्षकांनी त्यात काहीही साकारलेलं नसतं. ती इंटरअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे प्रतिसाद देणारी कलाकृती आहे. सहभागी कलाकृती ही निराळी गोष्ट. या दोहोंची सरमिसळ तालुक्याच्या स्पर्धेपासून शहरातल्या दालनांपर्यंत इतक्यांदा पाहिली की आता एकदा सविस्तर लिहून टाकतो.

प्रतिसाद देणारा प्रकार तुम्हाला पुरता ठाऊक आहे. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात सहलीला गेलेल्या प्रत्येक पोरानं कळ दाबून काही ना काही हलवलेलं आहे. कलेत त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘रँडम इंटरनॅशनल’ या गटाची ‘रेन रूम’. ती २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात मांडली होती. खोलीभर पाऊस पडतो, पण सेन्सरला माणूस दिसला की नेमका त्याच्या डोक्यावरचा पाऊस थांबतो. भर पावसात कोरडं चालायचं. सुंदर कल्पना आहे. तुम्ही बाहेर पडलात की पाऊस पुन्हा पहिल्यासारखा.

आता किरकोळ फरक. एकात वायरी असतात आणि दुसऱ्यात नसतात, एक महाग तर दुसरी स्वस्त, एकीला हात लावता येतो नि दुसरीला नाही, हे सगळं खरंही असेल आणि खोटंही. कागद-खडूनं केलेली कलाकृती निव्वळ प्रतिसादाची असू शकते आणि संगणकावर चालणारी पुरेपूर सहभागी. यावरून ओळखायला गेलात तर फसाल.

खरा फरक एका प्रश्नात आहे: तुम्ही निघून गेल्यावर तिथं काय उरतं, आणि तुमच्या जागी दुसरं कोणी आलं असतं तर ते वेगळं उरलं असतं का? प्रश्नाला दोन टोकं आहेत आणि लोक पहिल्याच टोकाशी थांबतात, म्हणून घोळ होतो.

पहिलं टोक सोपं आहे. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा हिनं दोन्ही प्रकारच्या खोल्या केल्या आहेत. तिच्या आरशांच्या खोल्या १९६५ पासूनच्या. आत गेलं की आपण आणि दिवे चहूबाजूंनी अनंत दिसतो, आणि फोटो काढून बाहेर पडलं की खोली जशीच्या तशी. दुसरी ‘ऑब्लिटरेशन रूम’, २००२ साली ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत लहान मुलांसाठी मांडलेली. भिंती, फर्निचर, सगळं पांढरंशुभ्र. येणाऱ्याच्या हाती रंगीत टिकल्यांचा कागद द्यायचा. वाटेल तिथं चिकटवा. पहिल्या दिवशी आलेल्याला पांढरी खोली दिसते, शेवटच्या दिवशी आलेल्याला रंगांखाली बुडालेली. दोघांनी एकच कलाकृती पाहिली असं म्हणता येत नाही. मधल्या सगळ्यांनी मिळून दुसऱ्याची खोली घडवली.

आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या कामातही ही जोडी आहे. ‘शॅडो’ मालिकेत पडद्यावर आपली सावली पडते आणि वस्तूंच्या सावल्या येऊन तिला चिकटत जातात. आपण हललो की त्याही हलतात, आपण बाजूला झालो की आपली सावलीही गेली. ‘थ्रेट’ मध्ये साबणाच्या वड्या विटांसारख्या रचलेल्या असतात, प्रत्येक वडीवर ‘धोका’ या अर्थाचा तो इंग्रजी शब्द कोरलेला. येणाऱ्यानं एक वडी घरी न्यायची. भिंत खचत जाते, आणि घरी हात धुता धुता वडीवरचा शब्दही झिजतो. कमी करणं हेसुद्धा घडवणंच आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना सुचतं. सहभाग म्हटला की लोकांना चिकटवणं, लिहिणं, रंगवणं एवढंच आठवतं. फेलिक्स गोन्झालेस-तोरेस या अमेरिकी कलावंतानं १९९१ मध्ये कोपऱ्यात गोळ्यांचा ढीग मांडला, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. ते त्याच्या जोडीदाराचं, रॉसचं व्यक्तिचित्र. रॉस त्याच वर्षी एड्सनं गेला. येणारा गोळी उचलतो, तोंडात टाकतो, ढीग घटत जातो, आणि दालनवाले तो पुन्हा भरूही शकतात. गोळी तोंडात असतानाच आपण काय कमी केलं ते उमगतं. सेन्सरला हे जमणार नाही.

दुसरं टोक अवघड आहे आणि माझा खरा राग तिथं आहे. मैदानावर चुन्यानं आधीच आखलेली भलीमोठी रांगोळी, शेकडो बाया-पोरी रांगेत बसून नेमून दिलेल्या चौकटीत नेमून दिलेला रंग भरताहेत, वरून ड्रोन फिरतोय. यात काही उरतं का? उरतं. म्हणजे पहिल्या टोकाला ती पास झाली. पण सुनीताच्या जागी अनिता बसली असती तर रांगोळीत फरक पडला असता का? पडला तर ती चूक धरली जाते, संयोजक येऊन पुसतो. हे श्रमदान आहे. श्रमदान ही विदर्भाच्या गावांत मानाची गोष्ट आहे, तिला तिच्या नावानं हाक मारा. त्या बायांचे हात वापरले, त्यांचं मत कोणी विचारलं नाही. मग ‘महिलांच्या सहभागातून’ कशाला छापायचं?

याउलट काय होतं ते आमच्या शाळेच्या भिंतीवर पाहा. रोमान ओंडाक या स्लोव्हाक कलावंताचं २००७ मधलं एक काम आहे. रिकामी पांढरी खोली. येणाऱ्याला भिंतीशी उभं करून दालनातला माणूस काळ्या पेनानं त्याच्या उंचीवर रेघ मारतो, नाव आणि तारीख लिहितो. हजारो रेघा पडून माणसाच्या सरासरी उंचीवर काळा पट्टा तयार होतो आणि वर-खाली विरळ होत जातो. करायला सोपं, खर्च पेनाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत दिवाळीनंतर चुना मारून एक भिंत त्यासाठी सोडली आणि कागद लावला: आपली उंची लावा, नाव आणि तारीख लिहा.

पोरांच्या रेघा पडल्या, मग त्यांच्या आयांच्या, आज्यांच्या. एक दिवस एक शेतकरी सुतळीचा तुकडा घेऊन आला. मध्ये गाठ मारलेली. वावरात तुरीच्या झाडाला लावून मोजून आणली होती. म्हणाला, “गुरुजी, माही तूर बी लावा ना इथं.” नियमात ‘आपली उंची’ असं होतं, तूर ‘आपली’ आहे की नाही? लावली. सुतळी भिंतीला टेकवली, गाठीवर रेघ मारली, त्याचं नाव, पुढं ‘तूर’, तारीख. त्याच्या रेघेपेक्षा त्याची तूर वीतभर उंच निघाली. मग सुतळ्या यायला लागल्या. कोणाची पऱ्हाटी छातीला लागलेली, कोणाची गुडघ्यापाशीच खुंटलेली, आणि ती खुंटलेलीही त्यानं हट्टानं लावून घेतली. पंधरवड्यात भिंतीवर खालच्या अंगाला एक दुसरा पट्टा उठला, पिकाचा. लोक पोरांच्या रेघा पाहायचे सोडून तिथं उकिडवे बसून वाचू लागले: कोणत्या शिवारात काय झालं, कोणाचं बियाणं कोणतं होतं, कोणी दुबार पेरलं.

तो माणूस त्या दिवशी आला नसता तर भिंत उंचीचीच राहिली असती. तीही चांगलीच झाली असती, पण वेगळी. ओंडाकच्या खोलीपासून आमची भिंत तिथं फुटून निघाली आणि ती फोडली एका प्रेक्षकानं. पांदण सोडून पडीक वावरातून पायवाट पडते तेव्हा ती कोणी आखलेली नसते. चालणारे ठरवतात, आणि पहिल्या चार जणांमुळे पाचवा तिकडून जातो. सहभागी कलाकृती अशी घडते.

मग लोक विचारतात, कलावंतानं काय केलं? हाच प्रश्न संकल्पनात्मक कलेला, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेला, पहिल्यापासून विचारला गेला आहे आणि उत्तरही जुनं आहे. सोल लेविट या अमेरिकी कलावंतानं १९६७ मध्येच मांडलं की कल्पना हेच कलाकृती घडवणारं यंत्र आहे. कलावंत नियम करतो. जपानी कलावंत योको ओनो हिनं १९६६ मध्ये लंडनमध्ये एक पांढरी फळी, हातोडी आणि खिळे ठेवले: खिळा ठोका. १९९६ पासून तिचे ‘विश ट्री’ जगभर मांडले जातात. चिठ्ठीवर इच्छा लिहून झाडाला बांधायची. लहानपणी जपानात देवळाच्या आवारात असंच करत होतो, असं तिनं सांगितलेलं आहे. नियम दोन ओळींचा असतो, पण तो किती मोकळा ठेवायचा आणि कुठं आवळायचा यात सगळं कसब आहे. फार आवळला की रांगोळी होते. फार सैल सोडला की ‘भिंतीवर काहीही लिहा’ होतं आणि मग तिथं तेच चार बदाम, तीच दोन नावं आणि पुढाऱ्याचा जयजयकार येतो. वाईट सहभागी कलाकृतींत या दुसऱ्या जातीच्याच जास्त. अभिप्राय वही टांगून ‘सहभाग’ म्हणणारेही याच घरातले.

काही कामं सीमेवर आहेत. राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन-कॅनेडियन कलावंताच्या ‘पल्स रूम’मध्ये दांडा धरला की तुमच्या नाडीच्या ठोक्यावर एक दिवा लुकलुकतो, आणि पुढचा माणूस आला की तुमचा ठोका पुढच्या दिव्यात सरकतो. खोली तुम्हाला काही काळ लक्षात ठेवते. मी तरी ती प्रतिसादाच्या बाजूलाच टाकीन, कारण तिथं तुम्ही काही ठरवत नाही. नाडी ठरवून चालत नाही.

आणि ज्यांना सहभागाचं पुढचं पाऊल पाहायचं आहे त्यांनी पॅरिस-न्यूयॉर्क राहू द्या, गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात पाहा. मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी कोंडागावात तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपांच्या जागा घडवल्या, ‘नलपार’ नावानं. पाणी भरणाऱ्या बायांची अडचण काय? भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यायचा, त्यात कंबर मोडते. म्हणून मध्ये हंडा टेकवायला ओटे केले, सांडपाणी वाहून जाईल अशी सोय केली, आणि त्यावर आकार-चिन्हं उमटवली. इथं वापरणाऱ्याच्या शरीरानं कलाकृतीचा घाट ठरवला. अशा कामाला निर्णयाचा वेळ लागतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेत बहुमतानं हात वर करून निकाल लावत नाहीत, सर्वांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. ज्या जिल्ह्यात असं गाव आहे, तिथल्या लोकांना सहभाग म्हणजे काय हे शिकवायला जाणाऱ्यांनी आधी तिथं जाऊन बसावं.

संयोजकांना एक कळकळीची विनंती आहे. पाहुणे येणार म्हणून भिंत ‘नीट’ करू नका. एका ठिकाणी मी पाहिलं, वाकड्या चिकटवलेल्या टिकल्या आदल्या रात्री काढून सरळ ओळीत लावल्या, कोणा पोरानं पंख्याच्या पात्यावर लावलेली टिकली खरवडून टाकली. सेन्सरचा ढग पाहुण्यांसाठी पुसूनपासून ठेवा, त्याचं काही बिघडत नाही. सहभागी भिंतीची मात्र तिथंच राख होते. आणि नियमाचा कागद भिंतीपाशीच लावा, मोठ्या अक्षरात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथं एक माणूस उभा करा, जो नियम वाचून दाखवेल, पेन हातात देईल आणि त्यापुढं काही सुचवणार नाही.