प्यूमा : माणसाजवळचे वर्तन आणि सामना झाल्यास सुरक्षितता

प्यूमा हा उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळणारा मार्जार कुलातील मोठा शिकारी प्राणी आहे. शास्त्रीय नाव प्यूमा काँकलर. काँकलर म्हणजे एकरंगी. कॅनडातील यूकॉनपासून अँडीजच्या दक्षिण टोकापर्यंत तो पसरलेला आहे. पश्चिम गोलार्धात जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही वन्य सस्तन प्राण्याचा पसारा एवढा मोठा नाही. मुलूख मोठा तशी नावेही पुष्कळ. ‘प्यूमा’ हा शब्द अँडीजमधल्या केचुआ भाषेतला. वॉशिंग्टन राज्यात आणि ब्रिटिश कोलंबियात त्याला कूगर म्हणतात, कॅलिफोर्नियात माउंटन लायन, फ्लोरिडात पँथर. मराठी वर्तमानपत्रांत कधी ‘पहाडी सिंह’ छापून येते, पण सिंहाशी त्याचे नाते लांबचे आहे. वाघ, सिंह, बिबट्या हे पँथेरा प्रजातीचे. प्यूमा चित्त्याच्या जवळचा. त्याला डरकाळी फोडता येत नाही, मांजरासारखी घुरघुर मात्र येते. माजावर आलेली मादी रात्री असा आवाज काढते की कुणी बाई किंचाळते आहे असे वाटावे. नर साधारण ५३ ते १०० किलोग्रॅम आणि मादी २९ ते ६४ किलोग्रॅम वजनाची असते. म्हणजे अंगापिंडाने आपल्याकडच्या बिबट्याएवढाच.

मुख्य अन्न हरीण. मोठे सावज मारल्यावर प्यूमा ते झुडपाखाली ओढून नेतो, पंज्यांनी पालापाचोळा आणि माती ओढून झाकून ठेवतो आणि पुढचे काही दिवस येऊन खात राहतो. रानात चालताना असा अर्धवट झाकलेला हरणाचा सांगाडा दिसला, पाचोळ्यातून एखादा पाय बाहेर आलेला असला, तर तिथे थांबून फोटो काढण्यात शहाणपण नाही. मालक जवळपासच असण्याचा संभव मोठा.

माणसाविषयी या प्राण्याची मूळ वृत्ती भीतीची आहे. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या डोंगरांत जस्टीन स्मिथ, ख्रिस विल्मर्स आणि सहकाऱ्यांनी अशाच झाकलेल्या शिकारीजवळ कॅमेरा आणि स्पीकर लपवून ठेवले. प्यूमा खायला आला की स्पीकर आपोआप सुरू व्हायचा. कधी त्यातून माणसांचे बोलणे ऐकू यायचे, कधी बेडकांचे ओरडणे. बेडकांकडे जनावरांनी जवळपास दुर्लक्ष केले. माणसाचा आवाज आला तेव्हा मात्र ८३ टक्के वेळा ती खाणे टाकून पळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकी रेडिओ-टीव्हीवरच्या राजकीय बडबडीचे तुकडेही वापरले होते. त्यामुळे प्यूमांना नेमके काय असह्य झाले, यावर विनोदही बरेच झाले. याच संशोधकांना त्याआधी असे दिसले होते की दाट वस्तीजवळच्या माद्या इतर माद्यांपेक्षा ३६ टक्के अधिक हरणे मारतात. भीतीमुळे शिकार अर्धी टाकून जावे लागते आणि पोटासाठी पुन्हा नवी करावी लागते.

भीती वाटते म्हणून तो माणसापासून लांबच राहतो, असे मात्र नाही. लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध ग्रिफिथ पार्क आहे. तिथे २०१२ साली एका स्वयंचलित कॅमेऱ्यात एक नर सापडला. संशोधकांनी त्याला पी-२२ असा क्रमांक दिला. तिथवर पोहोचायला त्याने ४०५ आणि १०१ हे दोन धावते महामार्ग ओलांडले असले पाहिजेत. पुढची दहा वर्षे तो त्याच उद्यानात राहिला, हजारो माणसे रोज फिरायला येत असताना. एकदा तर तो एका घराच्या तळाशी असलेल्या पोकळीत झोपलेला सापडला. एवढ्या काळात त्याने माणसावर हल्ला केला नाही. २०२२ च्या अखेरीस त्याने साखळीला बांधून फिरवलेल्या कुत्र्यांवर झडप घातल्यावर त्याला पकडले. तपासणीत गंभीर दुखापती आणि आजार आढळले, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी त्याला दयामरण देण्यात आले. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्याला ही कहाणी वेगळी सांगावी लागत नाही.

हल्ले होतात, पण विरळा. संशोधक पॉल बायर यांनी १९९१ मध्ये अमेरिका व कॅनडातील शंभर वर्षांच्या नोंदी तपासल्या. १८९० ते १९९० या काळात त्यांना ९ प्राणघातक हल्ले सापडले, त्यांत १० माणसे दगावली. जखमी करणारे हल्ले ४४ होते. बळींमध्ये मुलांचे प्रमाण मोठे होते. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर इतर ठिकाणांच्या मानाने फारच जास्त घटना घडल्या होत्या. हल्ला करणाऱ्यांत आईपासून नुकतीच सुटलेली, वजनाने कमी भरणारी तरुण जनावरे ठळकपणे दिसतात. हे वयच भटकण्याचे असते. तरुण नराला स्वतःची हद्द शोधायला बाहेर पडावे लागते. साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समधून निघालेला असाच एक नर २०११ साली कनेटिकटमध्ये मोटारीखाली मेला. हे अंतर २,४०० किलोमीटरहून अधिक आहे. अनोळखी मुलूख, कच्चा हात आणि रिकामे पोट असलेले जनावर माणसाच्या बाबतीत चुकीचा अंदाज बांधू शकते.

सुरक्षिततेचे सगळे नियम या अंदाजाभोवती फिरतात. प्यूमा लांब पाठलाग करत नाही. तो दबा धरतो, मागून सरकत येतो, थोडे अंतर झेप घेत कापतो आणि मानेवर चावा घेतो. दबा धरून मारणाऱ्याचे सगळे भांडवल सावजाच्या बेसावधपणात असते. आपण त्याला पाहिले आहे हे त्याला कळले की बरेचसे भांडवल तिथेच संपते. म्हणून नजर हटवायची नाही, पाठ फिरवायची नाही. हात वर करून, जॅकेट पसरून मोठे दिसायचे. खणखणीत आवाजात बोलायचे, ओरडायचे. त्याला निसटायला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरायचे. तो जवळ येत राहिला तर हाताला लागेल ते फेकायचे: दगड, काठी, पाण्याची बाटली. त्यासाठी खाली वाकावे लागणार असेल तर आधी हातातले फेकावे, कारण वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस मांजराच्या डोळ्यांना चार पायांचा दिसतो. जुन्नरकडे उसाच्या कडेला खाली बसणाऱ्यांना बिबट्याबाबत जे सांगतात, त्यामागचे कारण हेच.

लहान मूल बरोबर असेल तर त्याला पहिल्यांदा उचलून घ्यावे, तेही होईल तितके कमी वाकून आणि नजर समोर ठेवून. मुलांची उंची कमी, हालचाल तुटक, आवाज बारीक. शिवाय घाबरली की ती पळत सुटतात. पायवाटेवर मुलांना पुढे धावू देणे किंवा मागे रेंगाळू देणे, दोन्ही टाळावे. कॅलिफोर्निया किंवा सिएटलजवळच्या डोंगरांत शनिवार-रविवारी चालायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना वाहनतळाजवळची प्यूमाच्या चित्राची पाटी ओळखीची असते. ती वाचून सगळे पुढे जातात, आणि दहा मिनिटांत पोरे वळणाआड दिसेनाशी होतात.

‘पळू नका’ या सूचनेचा अर्थ २०१८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ बेंडजवळ फार क्रूरपणे दिसला. दोन सायकलस्वारांच्या मागे एक तरुण नर लागला. दोघांनी उतरून आरडाओरडा केला, एकाने सायकल त्याच्यावर मारली, तो पळाला. इथवर सारे नियमाप्रमाणे. मग तो परत आला आणि त्याने एकाचे डोके जबड्यात धरले. दुसरा घाबरून पळाला, तसे त्या जनावराने पहिल्याला सोडले, पळणाऱ्याच्या मागे धाव घेतली आणि त्याला मारले. त्या राज्यातला १९२४ नंतरचा हा पहिला मृत्यू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओरेगॉनमध्ये माउंट हूडच्या परिसरात एका महिलेचा जीव गेला. जंगली प्यूमाने माणूस मारल्याची ओरेगॉनमधली ती पहिलीच नोंद होती.

पळण्याचा मुद्दा संशोधकांत अगदी निर्विवाद नाही, हेही सांगायला हवे. रिचर्ड कॉस व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जुन्या हल्ल्यांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा पळालेल्यांपैकी बरेच जण सुखरूप सुटलेले दिसले आणि थिजून उभे राहिलेल्यांना गंभीर इजा अधिक झालेल्या दिसल्या. यातून पळावे असा सल्ला निघत नाही. डोंगरातल्या पायवाटेवर माणूस या जनावरापेक्षा वेगाने धावू शकत नाही. निघतो तो एवढाच की ‘पळू नका’ म्हणजे खांबासारखे गप्प उभे राहा असे नव्हे. हलत, ओरडत, अंगावर येण्याचा आव आणत उभे राहायचे.

आणि झेप पडलीच, तर लढायचे. ग्रिझली अस्वलाबाबत पालथे पडून मेल्याचे सोंग घ्यायला सांगतात. प्यूमासमोर ते सोंग म्हणजे त्याचे अर्धे काम आपणच करून देणे. मान आणि गळा झाकावा, पायांवर उभे राहण्याची धडपड करावी, डोळे आणि नाक यांवर मारावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोलोरॅडोतील हॉर्सटूथ माउंटन येथे धावायला गेलेल्या एकाने, मनगट प्यूमाच्या जबड्यात असताना, त्याच्या गळ्यावर पाय देऊन त्याला गुदमरवले. ते जनावर अजून पूर्ण वाढलेले नव्हते, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधील फॉल सिटीजवळ पाच महिला सायकलवरून चालल्या असताना एकीचा जबडा प्यूमाने पकडला. बाकीच्या पळाल्या नाहीत. दगड, काठ्या, हात, जे मिळेल त्याने मारत राहिल्या. ती सुटल्यावर त्यांनी एक सायकल जनावरावर आडवी टाकली आणि अधिकारी येईपर्यंत अंगाच्या भाराने ते खाली दाबून धरले. अस्वलांसाठी मिळणारा मिरचीचा फवारा प्यूमावरही चालतो, पण तो कमरेला अडकवलेला हवा. पाठपिशवीत डब्याखाली ठेवलेला फवारा वजन वाढवण्यापलीकडे काही करत नाही.

समोर दिसलेला प्रत्येक प्यूमा शिकारीच्या इराद्याने आलेला नसतो. लांबून पाहणारा, कान उभे केलेला बहुधा कुतूहलाने पाहत असतो. कान मागे पाडून, फिसकारत, पुढचे पाय आपटत अंगावर येणारी बहुतेक वेळा पिल्लांची आई असते, आणि तिला फक्त तुम्ही निघून जायला हवे असता. ऑक्टोबर २०२० मध्ये यूटातील प्रोव्हो शहराजवळ धावणाऱ्या एका तरुणाला पायवाटेवर पिल्ले दिसली. त्यांची आई त्याच्या मागे सुमारे सहा मिनिटे आली, मधूनमधून खोट्या झेपा घेत. तो तोंड तिच्याकडे ठेवून, ओरडत मागे मागे चालत राहिला आणि शेवटी दगड भिरकावल्यावर ती वळली. त्याने मोबाइलवर केलेले चित्रण जगभर पाहिले गेले. धोक्याचा प्यूमा याहून शांत असतो: पोट जमिनीला टेकवलेले, नजर खिळलेली, शेपटीचे टोक तेवढे वळवळते. घरच्या मांजराला चिमणीवर टपलेले पाहिलेल्या कुणालाही ही बैठक ओळखता येते.

वस्तीत तो येतो तो मुख्यतः हरणांच्या मागे. अंगणातल्या झाडांना हरणे लागली की त्यांच्या मागून प्यूमा येणारच. कॅलिफोर्नियात हरणांना खायला घालणे बेकायदा आहे. पाळीव शेळ्यामेंढ्या रात्री छप्पर असलेल्या बंद गोठ्यात ठेवाव्यात, कारण नुसते दोन मीटरचे कुंपण त्याला अडवत नाही. चिलीत लामा आणि अल्पाकांच्या कळपांभोवती अनियमितपणे लुकलुकणारे दिवे लावून पाहिले, तेव्हा प्यूमा दूर राहिले. अँडीजमधल्या कोल्ह्यांना मात्र त्या दिव्यांचे काहीच वाटले नाही.

कॅलिफोर्नियात १९०७ ते १९६३ पर्यंत प्यूमा मारल्यास सरकारी बक्षीस मिळत असे. १९९० मध्ये जनमताने तो विशेष संरक्षित ठरला. २०१२ च्या डिसेंबरात हाफ मून बे येथे वस्तीत शिरलेली दोन पिल्ले अधिकाऱ्यांनी गोळ्या घालून मारली, त्यावरून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी कायदा आला: तातडीचा धोका नसेल तर आधी न मारणारे उपाय करायचे. पकडून लांब सोडणे हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. जुन्नर भागात पकडलेले बिबटे इतरत्र सोडल्यावर सोडलेल्या जागांभोवतीच माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. प्यूमाही सोडल्या जागी टिकून राहीलच असे नाही. कॅलिफोर्नियात २००४ नंतर वीस वर्षे एकही माणूस प्यूमाकडून मेला नव्हता. मार्च २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीत दोन भावांवर हल्ला होऊन एक दगावला, आणि प्यूमाला कितपत संरक्षण द्यावे हा वाद पुन्हा पेटला.

दक्षिणेत चित्र निराळे आहे. अर्जेंटिनाच्या पंपास या गवताळ प्रदेशातले गाउचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, प्यूमाला ‘अमिगो देल क्रिस्तियानो’ म्हणजे माणसाचा मित्र म्हणत. चिलीतील तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ग्वानाको या लामासारख्या रानटी प्राण्यांवर जगणारे प्यूमा पर्यटकांना इतके सरावले आहेत की वाटाड्यांबरोबर गेलेल्यांना ते भर दिवसा उघड्या माळावर झोपलेले दिसतात.