उंदीर ‘पडले’ म्हणजे नेमके कुठून पडले?

माझी भाची सोलापुरात जुन्या वर्तमानपत्रांवर कॉलेजचा प्रकल्प करते आहे. परवा तिने विचारलं, “मामा, गावात उंदीर पडू लागले, ही काय बातमी झाली? आणि पडले कुठून?”

मराठीत पाऊस पडतो, भाव पडतात, दुष्काळही पडतो. ढोर पडलं म्हणजे मेलं, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, पुढे सोलापूरही त्यातून सुटलं नाही. प्लेगने आधी उंदीर मरत, मग माणसं. म्हणून त्या काळच्या वाचकाला ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द पुरत. बिऱ्हाड आवरायचं आणि माळावर झोपडी घालायची, हे बातमीत लिहावं लागत नसे.

पण भाचीचा शब्दशः अर्थही अगदीच चुकीचा नव्हता. आपल्याकडची जुनी घरं मातीच्या भिंतींची, वर माळवद. काळा उंदीर चढण्यात पटाईत, तुळयांच्या सांदीत घर करणारा. प्लेगने मरायला टेकलेला उंदीर वरून खरोखरच खाली येई.

मला मोह आहे तो त्यापुढच्या भागाचा. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि त्याच्यावरच्या पिसवा उबेच्या शोधात निघतात. दुसरे उंदीरही मेलेले असले, तर जवळ उरतो माणूस. म्हणून उंदीर पडल्यापासून साधारण दोन आठवड्यांत माणसं तापाने फणफणू लागत. पिसवेचा हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवला. बरीच वर्षं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आता पिसवेच्या पोटात शिरू. तिच्या जठराच्या तोंडाशी एक काटेरी झडप असते. रक्ताबरोबर आलेले प्लेगचे जंतू या काट्यांना धरून बसतात, स्वतःभोवती चिकट साखरेचा थर विणतात आणि वाढत वाढत झडपेला बूच मारतात. पिसू रक्त ओढते, पण ते जठरात उतरतच नाही. बुचावर आपटून, थोडे जंतू बरोबर घेऊन, ते चाव्याच्या जागी परत येतं. पोट रिकामंच, म्हणून ती पुन्हा चावते, पुन्हा ओकते. उपाशी मरता मरता ती रोग वाटत जाते. बेकट आणि मार्टिन या संशोधकांनी हे १९१४ मध्ये मांडलं.

तो चिकट थर विणण्याचं काम एचएमएस नावाच्या जनुकांकडे असतं. त्यातलं एचएमएस-टी हे प्रथिन सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू बनवतं आणि त्या रेणूच्या इशाऱ्यावर साखरेची साखळी लांबत जाते. २१ अंशांच्या आसपास हे सगळं झकास चालतं. ३७ अंशांना मात्र एचएमएस-टी टिकतच नाही, त्यामुळे आपल्या अंगात जंतू हा थर विणत बसत नाही. (इथपर्यंत येऊन भाचीने मोबाईल काढला.)

पिसवेचं अंग मात्र बाहेरच्या हवेइतकंच तापतं. पारा २८-३० अंशांच्या वर गेला की बूच नीट धरत नाही. कोरड्या उन्हात पिसवा लवकर मरतात, आणि तोवर रोगाला बळी पडणारे उंदीरही संपत आलेले असतात. सोलापूरचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात चढलेली साथ उन्हं तापली की ओसरे, यात चमत्कार काही नव्हता. पण त्याच सुमारास कुणी मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढून नेलेला असला, तर श्रेय गाड्यालाच मिळे. उन्हापुढे कुणी नारळ फोडला नाही.