काट्यांविना वेळ दाखवणारी घड्याळं : पार्श्वभूमी

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत घड्याळं जमवणारे लोक आहेत आणि त्यांच्या डब्यांत बहुतेक एचएमटीच निघते. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला सुरू झालेलं हे सरकारी काम. लग्नात जावयाला सायकल, ट्रान्झिस्टर आणि एचएमटी असा बेत असायचा. 2016 मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. आता याच मंडळींच्या मोबाइलवर उर्वेर्क, एमबी अँड एफ या स्विस कंपन्यांच्या घड्याळांचे फोटो फिरतात आणि वाद पेटतो : ज्यात वेळ शोधावी लागते, त्याला घड्याळ म्हणायचं का?

मला हा आक्षेप पटत नाही. काटे ही वेळ दाखवायची एक रीत झाली, एकमेव नव्हे. आपल्याकडे दिवस कासराभर वर आला की माणसं वावरात पोचलेली असत. लग्नात जोशीबुवा पाण्याच्या घंगाळात बारीक छिद्राचं तांब्याचं पात्र सोडत. ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं. त्या पात्रावर ना आकडा होता ना काटा, आणि मुहूर्त मात्र त्यावरच धरला जाई.

युरोपातही तसंच. 1650 च्या दशकात रोममध्ये कॅम्पानी बंधूंनी पोप अलेक्झांडर सातवे यांच्यासाठी रात्रीचं घड्याळ केलं. पोपना झोप लागत नसे, टिकटिक सहन होत नसे आणि अंधारात काटे दिसत नसत. म्हणून तासाचा कोरलेला आकडाच कमानीवरून सरकत जाई आणि मागच्या दिव्याने उजळे. पुढे 1883 मध्ये योझेफ पालवेबर यांनी तबकडीच्या खिडकीत उडी मारून बदलणाऱ्या आकड्यांचं पेटंट घेतलं.

मग ही घड्याळं आताच इतकी का फुलली? याचं उत्तर 25 डिसेंबर 1969 ला टोकियोत मिळतं. त्या दिवशी सेइकोचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ विक्रीला आलं. पुढच्या दीड दशकात स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातली सुमारे 90 हजार माणसं जवळपास एक तृतीयांशावर आली. नुकसान भयंकर होतं. पण अचूक वेळ स्वस्त बॅटरीवर मिळू लागली, तशी चावीच्या घड्याळावरची ती जबाबदारी उतरली. ते आता काहीही होऊ शकत होतं.

1985 मध्ये स्वेन अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेसे यांनी स्वतंत्र कारागिरांची संघटना उभी केली. 1997 मध्ये फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांचं उर्वेर्क आलं, लगोलग व्हियानी हाल्टर यांचं ‘अँटिका’. मॅक्सिमिलियन ब्युसर यांनी 2001 पासून हॅरी विन्स्टन या दागिने-घड्याळांच्या कंपनीसाठी दरवेळी वेगळ्या कारागिराला हाताशी घेऊन ‘ओपस’ मालिका काढली आणि 2005 मध्ये स्वतःची एमबी अँड एफ सुरू केली.

उर्वेर्कचं 2003 चं यूआर-103 नीट पाहण्यासारखं आहे. मधल्या चक्राच्या चार भुजांवर चार ‘उपग्रह’, म्हणजे फिरते छोटे भाग बसवलेत, प्रत्येकावर तासांचे तीन आकडे. चक्र तासाला पाव फेरा घेतं. 1 चा आकडा मिनिटांच्या कमानीवरून पार झाला की 2 चा उपग्रह पुढे येतो. पहिला उपग्रह चार तासांनी परततो तेव्हा मधल्या वाटेत स्वतःभोवती वळलेला असतो आणि 5 दाखवतो, पुढच्या खेपेला 9. कल्पना कॅम्पानींचीच, तिला अंतराळयानाचं रूप मिळालंय. एवढं उमगल्यावर वेळ वाचायला क्षणही लागत नाही.

संग्राहकांची दुसरी शंका मात्र मला रास्त वाटते : दुरुस्तीची. एचवायटी या स्विस कंपनीने 2012 मध्ये बारीक नळीतल्या रंगीत द्रवाने तास दाखवणारं घड्याळ आणलं. 2021 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, नंतर नव्या मालकांनी ती पुन्हा उभी केली. मोजक्या नगांत बनणाऱ्या अशा घड्याळाचा सुटा भाग बनवणाऱ्याखेरीज कुणाकडे नसतो, आणि घड्याळ त्याच्याकडेच पाठवावं लागतं. उलट एचएमटीची ‘जनता’ बंद पडली तर तालुक्याचा घड्याळजी मोडीतल्या दुसऱ्या एचएमटीचं बॅलन्स (घड्याळाची गती राखणारं झुलतं चाक) काढून बसवतो.