बेकारी आणि गुन्हेगारी: गणिती प्रतिमानांची पार्श्वभूमी

बेकारी वाढली की गुन्हे वाढतात, हा समज जुना आहे. त्याला आकड्यांचा आधार शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. बेकारीची नियमित मोजणी तेव्हा होत नसल्याने हलाखीचे माप म्हणून धान्याचा भाव वापरला जाई. जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांनी १८६७ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील चोऱ्यांच्या नोंदी राय या धान्याच्या भावाशी ताडून पाहिल्या, तेव्हा भाव चढला की चोऱ्या वाढतात आणि उतरला की घटतात, असे आढळले. याच काळाचा २००६ मध्ये पावसाच्या नोंदींच्या मदतीने फेरअभ्यास झाला. त्यात महागाईने मालमत्तेचे गुन्हे वाढले, पण हिंसक गुन्हे घटले, असे दिसले. बिअर महागल्याने पिणे कमी झाले असावे, असा संशोधकांचा तर्क होता.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्ह्याकडे लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशेब म्हणून पाहिले. त्या मांडणीत नोकरी गमावलेल्याला प्रामाणिक मार्गाने मिळणारे उत्पन्न घटते आणि पारडे गुन्ह्याकडे झुकते. प्रत्यक्ष आकडेवारीत मात्र हा परिणाम अनेकदा क्षीण दिसे.

या कोड्याला सर्वांत विचारप्रवर्तक उत्तर, माझ्या मते, डेव्हिड कँटर आणि केनेथ लँड यांनी १९८५ मध्ये दिले. बेकार माणूस घरीच असतो, त्यामुळे घरफोडीला रिकामी घरे कमी मिळतात आणि संधी लगेच घटते. उलट शिल्लक आणि नातेवाइकांचा आधार संपेपर्यंत गुन्ह्याची प्रवृत्ती बळावत नाही. म्हणून त्यांच्या समीकरणात बेकारीचा त्या वर्षीचा दर आणि त्यातील वर्षागणिक बदल अशी दोन वेगळी पदे आली. कोणते पद नेमके काय मोजते, यावर पुढे बराच वाद झाला. तरी एकाच कारणाचे दोन विरुद्ध परिणाम वेगळे करण्याची दिशा त्यातून मिळाली.

अलीकडे नोकरदार, बेकार, गुन्हेगार आणि कैदी असे लोकसंख्येचे गट पाडून त्यांच्यातील ये-जा विकलक समीकरणांनी, म्हणजे बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणांनी, मांडली जाते. हे तंत्र साथरोगशास्त्रातून आले असून, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या पायाभूत लेखात आपले सूत्र मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंशी पडताळले होते. प्लेगचा संसर्ग होतो हे ठाऊक होते. गुन्हा संपर्काने पसरतो, हे मात्र अशा अनेक प्रतिमानांत गृहीतच धरलेले असते, आणि साथीसारखा उंबरठा, म्हणजे जी ओलांडल्यावरच प्रसार वाढत जातो ती मर्यादा, त्या गृहीतकातूनच निघतो.