वस्तऱ्याची मूठ आणि खानापूरचा पाऊस

खानापुरात आषाढ लागला की दारं चौकटीत अडकतात. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या मामांचा जुना वस्तराही याच दिवसांत कुरकुरू लागला. मिटताना धार मुठीला आतून घासायची. "पातं वाकलंय काय की ओ," मामा म्हणाले. पातं सरळच होतं. वाकली होती ती सागवानी मूठ, आणि ती मीच घडवून दिली होती!

मूठ म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या. एका टोकाला पातं फिरवणारी खिळी, दुसऱ्या टोकाला दोन्हींच्या मध्ये पाचर. पाचरेची जाडी आणि उतार असा जमवतात की पट्ट्या किंचित बाहेर फुगतात. मग पातं आत शिरताना धार कुठेच टेकत नाही.

आता लाकडाचं. वाळलेल्या लाकडातही पाणी असतं, आणि हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते कमी-जास्त होत राहतं. पेशीभित्तीतले सेल्युलोजचे धागे बहुतेक खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरून त्यांना बाजूला ढकलतात. म्हणून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. हिरवं सागवान पूर्ण वाळवलं तर ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आकसतं, वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने 5.8 टक्के, लांबीत मात्र जेमतेम 0.1 ते 0.2. उन्हाळ्यातून पावसाळ्यात येताना लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या 8 टक्क्यांइतकं वाढलं असं धरा. 20 मिलिमीटर रुंदीची पट्टी कापण्याच्या दिशेप्रमाणे 0.13 ते 0.31 मिलिमीटर रुंदावेल.

एवढ्याने मूठ बिघडत नाही. बिघडवलं माझ्या आळसानं. पॉलिश बाहेरून चकचकीत केलं, आतली बाजू कोण बघतंय म्हणून कोरडी ठेवली. पावसात तीच आधी पाणी प्यायली. जी बाजू फुगते तिकडे पट्टीला फुगवटा येतो, म्हणजे इथे पात्याकडे. त्यात लाकडाची रेषा, म्हणजे धाग्यांची दिशा, पट्टीत तिरकी गेली होती, त्यामुळे रुंदीतलं फुगणं लांबीतही उतरलं आणि पट्टी धनुष्यासारखी आत वळली.

दुसऱ्या खेपेला रेषा सरळ धरली आणि जवसाचं तेल आतून-बाहेरून चोळलं. हे तेल उडून वाळत नाही, ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. ते पाणी अडवत नाही, उशीर लावतं. दोन्ही बाजूंना सारखाच उशीर लागला तरी पुरे. (या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्याच क्रियेतली उष्णता कोंडली की चिंधी आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवा.)

बाभूळ मी मुद्दाम टाळली. तिच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि साध्या पोलादातलं लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर-काळा डाग पडतो. जुन्या शाईचं रसायन हेच. शिसम दिसायला राजस, पण 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, म्हणून घेताना कागद बघून घ्यावा.

शेवटी खिळी म्हणून पितळी तार आरपार घालून तिची टोकं हातोडीने फुलवली. ठोकता ठोकता पितळ कडक होत जातं. म्हणून टोले हलके आणि पुष्कळ. दणका दिला तर पट्टी चिरते.

मामांनी वस्तरा उघडला, मिटला, कानाशी धरून पुन्हा मिटला. "आता आवाज नाही." मग माझी दाढी त्यांनी अर्ध्या ब्लेडानंच केली.